लेकीची सर्दी, रात्रीचा खोकला आणि 'अँटिबायोटिक नको' म्हणणारे डॉक्टर

आंबटगोड
लेक अडीच वर्षांची. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला आणि तेव्हापासून घरात रुमाल वाळत घालायला दोरी पुरत नाही. एक सर्दी ओसरते न ओसरते तोवर दुसरी हजर. या खेपेला सोमवारी कणकण, मंगळवारी 101.5 ताप, मग नाक गळायला लागलं. ताप आता गेलाय, पण रात्री आडवी झाली की खोकल्याची ढास लागते. शेंबूड आधी पाण्यासारखा होता, आता हिरवा-पिवळा आणि घट्ट. दिवसा खेळते. जेवणाच्या नावाने बोंब, पण दूध आणि पेज घेते.

डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक लागणार नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल, नाकात सलाईनचे थेंब, बास. साबा (सासूबाई) तेव्हापासून एकच वाक्य ऐकवतायत, "एवढी फी घेतली आणि मिठाचं पाणी दिलं!" त्यात शेजारच्या मुलाला त्याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांनी तीन बाटल्या दिल्या आणि तो तिसऱ्या दिवशी ठणठणीत. नवरा दोन्हीकडे मान डोलावतो.

हिरवा शेंबूड म्हणजे इन्फेक्शन वाढलंय ना? किती दिवस वाट बघायची? रात्रीच्या खोकल्याला काय करू? आणि साबांना काय सांगू? (शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड.)

चिंगीची_आई
शाळेचं पहिलं वर्ष असंच जातं गं. दुसऱ्या वर्षी फरक पडतो. तोवर धीर धर आणि रुमाल वाढव.

स्टेथो
बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमच्या मुलीला तपासलेलं नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी हिरव्या शेंबडाचं. विषाणू नाकात शिरला की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं. त्यातल्या काही पेशींमध्ये हिरवट रंगाचं विकर (एन्झाइम) असतं. या पेशी मरून शेंबडात साचल्या की तो रंग दिसतो. आधी पाण्यासारखा, मग पांढरट घट्ट, मग पिवळा-हिरवा, मग पुन्हा पातळ आणि बंद, असा साध्या सर्दीचाच क्रम आहे. रंग बघून अँटिबायोटिक लिहिणारे आमच्यातही आहेत, ते नाकारत नाही.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. ऱ्हायनोव्हायरस सगळ्यांत पुढे, मग आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, अडिनो वगैरे मंडळी. अँटिबायोटिक यातल्या एकालाही हात लावू शकत नाही. लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं, पाळणाघरात किंवा प्लेग्रुपला जाणाऱ्याला दहा-बाराही होतात. सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता हे गणित पावसाळ्यात आणि थंडीत मांडून बघा, मूल 'सारखं आजारी' वाटणारच. वजन वाढतंय, मधल्या दिवसांत हुंदडतंय, तर प्रतिकारशक्ती 'कमी' नाही, ती आत्ता घडते आहे.

शेजारच्या मुलाचं म्हणाल, तर साधा व्हायरल ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा आपणहून उतरतो. दुसऱ्या दिवशी सुरू केलेली बाटली त्याचं श्रेय घेऊन जाते.

आता कामाचं. नाकाकडे बघणं सोडा, श्वासाकडे बघा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, ताप उतरलेला असताना झबलं वर करा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच थांबत-पळत चालतो. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरला तर तो वेगवान श्वास. न्यूमोनिया ओळखायचे हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे, गावोगावच्या आशाताईंना (आशा आरोग्यसेविकांना) हेच शिकवतात. आकडा वर गेला, किंवा आपण ज्याला 'पोट उडतंय' म्हणतो ते दिसलं, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, नाकपुड्या फुलायला लागल्या, मूल कण्हायला लागलं, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. ओठ निळसर, झटका, उठवूनही नीट न उठणं, काहीच पोटात न ठरणं, यांत तर सरळ इस्पितळ.

छातीवर हात ठेवल्यावर जी घरघर लागते, तिने आयांचा जीव सगळ्यात जास्त जातो. नाकाचा आणि घशाचा आवाज तिथपर्यंत पोचतो. लहान मुलाला बडखा थुंकता येत नाही, ते गिळतं, मग ढास लागून तारेसारखी उलटी होते आणि लगेच शांत झोप लागते. अशी एखाद-दुसरी उलटी झाली म्हणून घाबरू नका.

माईआजी
आंबटगोड, सासूबाईंना नावं ठेवू नकोस हो. त्यांच्या काळात डॉक्टर तालुक्याला. माझी चारही मुलं मुगाचं कढण, भाताची पेज आणि लसणाच्या फोडणीच्या वरणावर सर्दीतून उठली. मुगाची डाळ चांगली घोटायची, वरून तुपाची धार, चिमूटभर हिंग-जिरे, कपात घालून प्यायला द्यायचं. भात-पोळी नाकारणारं मूल कपातून घटाघट पितं. रात्रीच्या खोकल्याला कोमट मध. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून छातीला. आमच्याकडे वेखंड उगाळून द्यायचे, नाकात तेलाचं बोट, आणि शेगडीवर ओवा-धुपाची धुरी.

स्टेथो
माईआजी, कढणाला माझा मनापासून पाठिंबा, ते मीही लिहून देतो. मधालाही. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध, नुसता किंवा कोमट पाण्यात. रात्रीचा खोकला त्याने थोडा सौम्य होतो, तेवढा तर बाजारातल्या सिरपनेही होत नाही. पण वर्षाखाली थेंबभरही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि बाळ लुळं पडू शकतं. जन्मल्यावरचं मधाचं बोट, मधात कालवलेली गुटी, चाटण, सगळं यात आलं.

बाकीच्यावर मात्र भांडेन. नाकात तेल नको, ते फुप्फुसात उतरतं आणि त्याचाच वेगळा न्यूमोनिया होतो, तो बरा करणं फार चिवट काम. वेखंडाने उलट्यांवर उलट्या झालेली मुलं मी पाहिली आहेत. धुरी म्हणजे शेवटी धूर, सुजलेल्या श्वासनळीला तो नकोच (यात घरातल्याची सिगारेट आणि उदबत्तीही आली). पुरचुंडी ऊब म्हणून चालेल, पण आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. कापराची पुडी पाळण्याला किंवा झबल्याला बांधायची पद्धत आहे, ती सोडा. कापूर तोंडात गेला तर अर्ध्या तासात झटके येऊ शकतात. छातीला चोळायचं कापूरवालं मलमही दोन वर्षांखाली नको. आणि वाफ! उकळत्या पातेल्यासमोर मूल मांडीवर घेऊन बसायचं, त्याचा उपयोग सिद्ध नाही आणि पातेलं कलंडून भाजलेली पोरं दर हिवाळ्यात येतात.

माईआजी
बरं बाबा. तेल बंद. पण कढण माझंच.

गोळीवाला
सांगलीत औषधांचं दुकान आहे. काऊंटरच्या या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

पहिली गोष्ट पॅरासिटामॉलची. एकाच नावाची तीन औषधं मिळतात. थेंबांच्या बाटलीत 1 मिलीला 100 मिग्रॅ, एका सिरपमध्ये 5 मिलीला 125 (काहींत 120), दुसऱ्यात 5 मिलीला 250. खोक्यावरचं चित्र सारखं, चवही सारखी. डॉक्टरांचा डोस वजनावर, साधारण किलोला 15 मिग्रॅ. म्हणजे 10 किलोच्या पोराला 150 मिग्रॅ. तो थेंबांतून दीड मिली, 250 वाल्यातून तीन मिली, 125 वाल्यातून सहा मिली. आता आई 'सहा मिली' पाठ करून येते आणि मी थेंबांची बाटली दिली तर काय होईल बघा, 600 मिग्रॅ! म्हणून मिली पाठ करू नका, चिठ्ठीवर मिग्रॅ लिहून घ्या आणि बाटलीवरचा आकडा मला मोठ्याने वाचायला लावा. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नको. घरातला चहाचा चमचा नको, खोक्यातली पिचकारी किंवा माप वापरा.

दुसरं, बऱ्याच सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. सर्दीचं एक आणि तापाचं एक असं दिलं की डोस दुप्पट.

तिसरं, नाकाचे थेंब. सलाईन म्हणजे सोडियम क्लोराईड 0.65 टक्के. त्याच कंपनीचे तसल्याच डबीतले ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचेही थेंब असतात. ते नाक झटकन उघडतात, पण लहान मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीत आणि चार-पाच दिवसांवर घातले तर नाक उलट जास्त चोंदतं. नाव बघू नका, बारीक अक्षरातला घटक वाचा.

आणि फ्रीजच्या दारातली बाटली! अँटिबायोटिकची पावडर खुणेपर्यंत पाणी घालून एकदा कालवली की बहुतेक औषधं आठवडाभरच टिकतात. लोक मागच्या महिन्याची उरलेली अर्धी बाटली आणून विचारतात, "हेच परत चालू करू का?" तळाला दगडासारखा गाळ बसलेला, वर नुसतं गोड पाणी. हलवून दिलं तरी कुठल्या चमच्यात किती औषध आलं ते देव जाणे.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारे रोज येतात. मी नाही देत, ते पुढच्या गल्लीत जातात. 2014 पासून सेफिक्झिमसारख्या औषधांना वेगळी एच-वन यादी आहे, रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, चिठ्ठी तर लागतेच. लिहितो किती जण, ते मला विचारू नका.

संत्रानगरी
नागपूरहून. सर्दीच्या सिरपचा विषय निघालाच आहे म्हणून. ऑक्टोबर 2025 आठवतो का? मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं इथेच आणली होती, डायलिसिसवर. साधी सर्दी-ताप म्हणून सिरप दिलं, लघवी बंद झाली, किडन्या गेल्या. वीसहून जास्त मुलं दगावली बाप्पा. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, मर्यादा 0.1 टक्क्याची. आमच्या वाड्यात त्या आठवड्यात प्रत्येक घरातली सिरपची बाटली कचऱ्यात गेली.

स्टेथो
भेसळ हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की ते औषध शुद्ध असतं तरी त्या वयाच्या मुलांना त्याची गरज नव्हती. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीची औषधं एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखाली देऊ नये असा इशारा लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितलं होतं. छिंदवाड्यानंतर आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. खोकला हा कफ बाहेर ढकलणारा झाडूवाला आहे, त्याला गुंगीचं औषध देऊन झोपवायचं कशाला?

मॉन्टेलुकास्टचंही तेच. 'अ‍ॅलर्जी असेल' म्हणून साध्या सर्दीत सर्रास दिलं जातं. दम्यात त्याला जागा आहे, सर्दीत नाही. मूल रात्री किंचाळून उठतं, चिडचिड करतं, असा परिणाम काहींत होतो आणि अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये त्यावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला.

रोखठोक
सगळं मान्य, पण दुसरी बाजू कोणीतरी लिहा. माझ्या भाच्याला 'व्हायरल आहे, थांबा' म्हणून थांबवलं. ताप गेला, दोन दिवस बरा होता, मग 103 घेऊन परत आला आणि पोरगं कान धरून रात्रभर रडलं. कानात पू. शेवटी अँटिबायोटिकच लागलं ना? मग आधीच दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हे 'अँटिबायोटिक म्हणजे विष' प्रकरण सोशल मीडियावर फार झालंय.

स्टेथो
रोखठोक, विष कोणीच म्हणत नाही. जिवाणूंच्या न्यूमोनियात ते नाही दिलं तर मूल जातं. तुमच्या भाच्याची गोष्ट तर पुस्तकातल्यासारखी आहे, आणि म्हणूनच 'थांबा' म्हणताना 'कधी परत या' हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. ते सांगितलं नसेल तर तुमचा राग रास्त.

परत यायचं ते असं. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला. ताप जाऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला. कान दुखतो, कानातून पाणी येतं. नाक दहा दिवसांनंतरही तसूभर कमी नाही, किंवा बरं होता होता बिघडलं. लघवी कमी झाली, सहा-आठ तास लंगोट कोरडा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला तर तासभरही थांबायचं नाही, त्यांचे नियमच वेगळे.

आधीच देऊन कानाचा संसर्ग टळला असता का? नाही. सर्दीत दिलेलं अँटिबायोटिक पुढची गुंतागुंत रोखत नाही, असंच अभ्यास सांगतात. जुलाब, अंगावर पुरळ हे मात्र होऊ शकतं. आणि नाकात-आतड्यात नेहमी वस्तीला असलेल्या जिवाणूंना औषधाची ओळख करून दिली, की खरी गरज पडते त्या दिवशी साधं अमॉक्सिसिलिन चालत नाही, शिरेतून महागडं द्यावं लागतं. हे माझ्या वॉर्डात दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगत नाही.

आणखी एक. खाता खाता, विशेषतः शेंगदाणे-फुटाणे खाताना, ठसका लागून अचानक खोकला सुरू झाला असेल तर तो सर्दीचा धरू नका, दाणा श्वासनळीत असू शकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि सोबत वजन घटतंय किंवा घरात कोणाला टीबी आहे, तर तपासण्या वेगळ्या. भुंकल्यासारखा खोकला किंवा ढास लागून शेवटी 'हूप' असा आवाज, तेव्हाही दाखवाच.

रोखठोक
'कधी परत या' हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यावर सहमत.

ट्युलिप
आम्ही नेदरलँड्समध्ये. इथे फॅमिली डॉक्टरची सगळी थट्टा एकाच गोष्टीवरून, काहीही घेऊन जा, पॅरासिटामॉल आणि 'आठवड्याने फोन करा'. पहिल्या हिवाळ्यात भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माझी अझिथ्रोमायसिनची ऑर्डर असायची. इथल्या पाळणाघरात तर हिरवं नाक घेऊन मुलं खुशाल वाळूत खेळतात. आता सवय झाली. फरक इतकाच वाटतो, की इथे डॉक्टरने काही दिलं नाही म्हणून कोणी डॉक्टर बदलत नाही.

स्टेथो
ट्युलिपने नेमकं बोट ठेवलंत. माझ्या ओपीडीत 'काही देऊ नका' हे समजावायला पंधरा मिनिटं लागतात, तीन औषधं खरडायला एक मिनिट. बाहेर वीस जण बसलेले. ज्याला मी काही दिलं नाही तो उद्या समोरच्याकडे जातो, तिसऱ्या दिवशी बरा होतो आणि 'हाताला गुण' त्याचा. तुमचे डॉक्टर ही जोखीम घेऊन नाही म्हणालेत, आंबटगोड. धरून ठेवा त्यांना.

साबांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. त्यांना सांगू काही नका, काम द्या. घड्याळ हातात द्या आणि श्वास मोजायला बसवा, रात्री झोपल्यावर एकदा, पहाटे एकदा. लिहून ठेवायला वही द्या.

आंबटगोड
सगळ्यांचे आभार. साबांना वही दिली. काल रात्री 26, पहाटे 24, शेजारी तारीख-वार आणि 'शेंबूड हिरवाच' असा शेरा! आज डॉक्टरांकडे जाऊन वही दाखवून आल्या आणि येताना स्वतःच सलाईनची दुसरी बाटली घेऊन आल्या. थेंब घालायची युक्ती त्यांनीच काढली. लेकीला आडवी घेऊन डोकं मांडीवरून जरा खाली, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर गाणं, मग उठवून रुमालात 'फूं'. दुधाच्या आधी आणि झोपायच्या आधी केलं तर दूधही संपतं. मध चालू आहे. खोकला आहेच, पण ढास लागून उठते ती आता एखाद्याच वेळेला.

प्लेग्रुपला कधी पाठवू? आणि फ्लूच्या लशीने हे थांबेल का?

चिंगीची_आई
ताप नाही, खातेय, खेळतेय तर पाठव. नाक कोरडं व्हायची वाट बघितलीस तर एकदम दिवाळीच्या सुट्टीत पोचशील.

स्टेथो
औषध न देता ताप गेल्याला चोवीस तास झाले असतील तर पाठवा.

फ्लूची लस फक्त इन्फ्लुएन्झावर, बाकीच्या दोनशेंवर नाही. तरी घ्या, कारण इन्फ्लुएन्झा लहानांना आडवं करतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे वर्षाला एक. आपल्याकडे पावसाळ्याबरोबर साथ येते, त्यामुळे एप्रिल-मे उत्तम. या वर्षीचा हंगाम अर्धा गेलाय, तरी डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकल जिवाणूवरची लस सरकारी कार्यक्रमात 2021 पासून देशभर आहे, तिचा बूस्टर नवव्या महिन्यात झाला होता का ते कार्डावर बघा.

गोळीवाला
आणि फ्रीजच्या दारात काही जुनं असेल तर ते आजच ओतून टाका.